महिना चारशे पोती

८ जानेवारी

मेहुण्याने आज मला विचारलं, "भावोजी, सगळं खरं, पण हे घेणार कोण?"

हा प्रश्न मला! एकतीस वर्षं मी एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली. खिळ्यापासून बॉयलरपर्यंत जे जे आत आलं ते माझ्या सहीने आलं. बाजार मला कळत नसेल तर कोणाला कळणार? हा स्वतः काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. दहावीला दोनदा बसला, दोनदा राहिला. भट्टीतलं त्याला कळतं, ते मी मान्य करतो. पण घेणार कोण हे त्याने मला विचारावं? हिचा धाकटा भाऊ आहे आणि गेल्या महिन्यात त्याचा कारखाना बंद पडलाय. गिळलं.

विषय असा आहे. परलाइट नावाचा एक दगड असतो, मूळचा ज्वालामुखीतला. दळून आला की करड्या वाळूसारखा दिसतो. बादलीभर घेतला तर एका हाताने उचलवत नाही. त्याच्या कणाकणात थोडं पाणी कोंडलेलं असतं. नऊशे अंशांच्या आगीत एकदम टाकला की त्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो, पंधरा-पंधरा पट. पांढराशुभ्र होतो. जळत नाही, कुजत नाही, उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. काचभट्टीच्या भिंतीमागे हाच भरलेला असायचा. मेहुण्याने मागच्या अंगणात लोखंडी नळी आणि बर्नर लावून मूठभर फुलवून दाखवला. अक्षरशः दगडाच्या लाह्या! हिने ते भांडं करंगळीवर तोललं आणि लहान मुलीसारखी हसली.

तर भट्टी तो बांधणार. भांडवल तिघांचं: त्याची भरपाई, माझा फंड, हिची शिवणकामातली शिल्लक. मागणीची पाहणी अर्थातच माझ्याकडे.

१२ जानेवारी

पाहणीचा तक्ता आखला. रकाने असे: उद्योग, वापर, भेटलेल्या व्यक्तीचा हुद्दा, प्रतिसाद, अपेक्षित मासिक मागणी (पोत्यांत). पोतं शंभर लिटरचं, वजन जेमतेम आठ किलो.

हिने मशीनवरून मान वर करून विचारलं, "आत्ता ते काय वापरतात, तो रकाना कुठाय?"

म्हटलं, त्यांच्या आत्ताशी आपल्याला काय करायचंय? आपण उद्याचं बघतोय. ही पुन्हा मशीन चालवायला लागली.

१५ जानेवारी

फाउंड्री. फोरमन भला माणूस वाटला. भट्टीचा एवढा आवाज होता की मला ओरडून सगळं समजावून द्यावं लागलं. तो म्हणाला, "परलाइट? लागतो की! वितळलेल्या लोखंडावर मळी येते, तिच्यावर टाकतो आम्ही. रोज लागतो." मी आणखी गुण सांगत होतो, तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली. जाताना म्हणाला, "या परत. चहा घेऊन जा."

रोज लागतो! नोंद: महिना दीडशे पोती.

१७ जानेवारी

रोपवाटिका. मालकीणबाई गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या होत्या. कुंडीतल्या मातीत हा मिसळला की मुळांना हवा मिळते, पाणी साचत नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "छान आहे हो. बघू की. हंगामात लागेल." नमुन्याचं पोतं ठेवून आलो. एवढ्या सभ्य बाई आजकाल भेटत नाहीत.

नोंद: शंभर पोती.

१९ जानेवारी

दोन भेटी. प्लास्टरचा ठेकेदार, उन्हाच्या भिंतींना आणि गच्च्यांना हलकं प्लास्टर करतो: "आणा ना, आणा. बिनधास्त आणा." शंभर पोती. तिथेही नमुना ठेवला. मी निघालो तेव्हा तो त्या पोत्यावर बसून फोनवर बोलत होता, म्हणजे वस्तू जवळ ठेवून घेतली.

नंतर थंड वायूंच्या टाक्या बांधणारी कंपनी. तिथला इंजिनिअर बोलायला कमी. त्यांच्या टाकीला दोन भिंती असतात, आतल्या भिंतीच्या आत द्रवरूप ऑक्सिजन, उणे एकशे ऐंशी अंश, आणि दोन भिंतींच्या मधली जागा भरायची ती ह्याच परलाइटने. म्हणाला, "आमचं कामच त्याच्यावर चालतं, साहेब." मी माझं पत्रक दिलं. त्याने घडी घालून खिशात ठेवलं. खिशात! मी एकतीस वर्षांत कोणाचं पत्रक खिशात ठेवलेलं नाही.

पन्नास पोती धरली. हात आखडूनच धरली.

एकूण महिना चारशे.

२० जानेवारी

तक्ता दोघांपुढे ठेवला. मेहुणा आकड्याकडे बराच वेळ बघत होता. ही म्हणाली, "दीडशे म्हणून त्या फोरमनने सांगितलं?"

"आकडा त्यांनी सांगायचा नसतो. तो आपण काढायचा असतो. त्याला अभ्यास म्हणतात."

"आणि 'बघू की' म्हणजे शंभर?"

हिला मी काय सांगणार? हिचा सगळा व्यवहार गणवेशांचा. माणूस येतो, छाती-खांदा मोजून घेतो, चार दिवसांनी शर्ट घेऊन जातो. उद्योगांच्या खरेदीत शब्दांना वजन असतं, हे कपडे शिवणाऱ्याला कळणं कठीण आहे. मी हे तिला बोललो नाही. बहुतेक थोडंसं बोललो.

३ मार्च

भट्टी पेटली!

दीड महिना मेहुणा भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये राबत होता. एका भुवईचे केस गेले त्याचे. भट्टी उभी, दोन माणसांच्या उंचीची. मधून ज्योत वर जाते, वरून दगडाचे दाणे सोडायचे; दाणा क्षणभर अधांतरी राहतो, फुलतो, हलका होतो आणि हवेच्या झोतावर स्वार होऊन वरच्या नळीतून पोत्यात. मेहुणा कान लावून उभा. तापमानाच्या काट्याकडे बघतही नव्हता. "आवाज बघा भावोजी. आत्ता भाजतोय नुसता. थांबा... आत्ता फुलतोय." मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण पोत्यात हात घातला आणि खरं सांगतो, बाहेर काढवेना. कोमट होतं. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं.

पोती हिने शिवलेली, दुहेरी तोंडाची. एक दाणा बाहेर येत नाही.

१४ मार्च

चारशे पोती तयार. फाउंड्रीत फोन केला. फोरमन शिफ्टवर. रोपवाटिका: "हंगामाचं बघू हं." ठेकेदार: "साइट बदलली, कळवतो." टाकीवाले: साहेब मीटिंगमध्ये.

योगायोग.

१९ मार्च

साहेब अजून मीटिंगमध्ये आहेत. पाच दिवस चाललेली मीटिंग मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

२३ मार्च

शेड भरली. फुललेल्या परलाइटचा हा एक भाग माझ्या अभ्यासातून निसटला, तो म्हणजे जागा. आठ किलोचं पोतं कपाटाएवढं होतं. साठ पोती घरी आणली. पुढच्या खोलीत तिन्ही भिंतींना छतापर्यंत रचली आहेत. खोली इतकी मुकी झालीय की आपलाच खोकला कापसात गुंडाळल्यासारखा वाटतो. दारावरची बेल ऐकू येत नाही. शेजारचे गृहस्थ अर्धा तास उभे होते म्हणे.

हिचं शिवणाचं मशीन आता स्वयंपाकघरात. हूं की चूं केलं नाही. त्यानेच जास्त चिडलो.

२९ मार्च

हद्द झाली! फोरमनने एकदाची वीस पोती मागवली. मी स्वतः टेम्पोबरोबर गेलो, छाती काढून. त्यांनी एक पोतं फोडून वितळलेल्या लोखंडावर टाकलं. सगळंच्या सगळं उडालं! वरच्या पंख्याच्या ओढीने भर्रकन वर गेलं आणि कारखानाभर पांढरं झालं. माणसं काम सोडून हसत होती. फोरमन माझ्या खांद्यावरचं झटकत म्हणाला, "साहेब, आम्हाला न फुललेला लागतो. तो आम्ही लोखंडावर टाकतो, तिथेच फुलतो, मळीला धरून तिची साय करतो, आणि आम्ही ती उचलून फेकतो. तुम्ही आधीच फुलवून आणलात!"

न फुललेला! आयुष्याची पुंजी घालून आम्ही भट्टी कशासाठी बांधली? फुलवायला! आणि ह्यांना हवा तो न फुललेला! मग जानेवारीत तोंड उघडायला काय झालं होतं? तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच सांगितलं, ही शुद्ध फसवणूक आहे. तो म्हणाला, "पण तुम्ही कोणता म्हणून विचारलं नाहीत."

एकोणीस पोती परत आणली. मेहुणा टेम्पो रिकामा करताना म्हणाला, "कच्चा दगड आपल्याकडे पडलाय की, भावोजी. तोच देऊ." मी म्हटलं, आपण कारखानदार आहोत, दगड विकणारे नाही. तो पुढचं पोतं उतरवायला लागला.

४ एप्रिल

ठेकेदाराने चाळीस नेली होती, त्यातली एकतीस परत. मिक्सरमध्ये तासभर फिरवला म्हणे, पीठ झालं, प्लास्टर जड ते जडच. हाताने दोन मिनिटं हलवायचा असतो, हे कोणालाही कळायला हवं! मी सांगितलं नव्हतं, हे मान्य. पण प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? मिक्सर माझा आहे का? ह्या माणसांनी जानेवारीत तोंडभर होकार दिले आणि आता तोंडाला पानं पुसली. सगळे एकजात. लेखी घ्यायला हवं होतं. माझं चुकलं असेल तर एवढंच की मी माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

६ एप्रिल

लिहू नये असं वाटतंय, तरी लिहितो.

मेहुणा आज म्हणाला, भट्टी थोडे दिवस बंद ठेवू, गॅस फुकट जातोय, तोवर मी एखादं काम बघतो. बरोबरच बोलत होता. मला तेव्हा ते पळ काढणं वाटलं. मी म्हणालो, "दहावी नापास माणसाच्या नादी लागलो, ही माझी चूक."

त्याने बर्नरची चावी फिरवली. ज्योत गेल्यावर शेडमध्ये एकदम सगळं ऐकू यायला लागलं. त्याने हातमोजे खिळ्याला अडकवले, "येतो ताई," म्हणाला आणि गेला. ही पोत्यांची तोंडं शिवत तिथेच बसलेली होती. तिने सगळं ऐकलं.

९ एप्रिल

तीन दिवस ही माझ्याशी कामापुरतं बोलते. "भाजी संपली." "बिल भरायचंय." मी काय करू? रागाच्या भरात एक शब्द गेला. आणि शब्द खोटा होता का?

११ एप्रिल

झोप लागत नाही म्हणून पहाटे उठून बसलो. त्या मुक्या खोलीत पोत्यांना टेकून. एक माणूस आठवला. दोरखंड विकणारा. माझ्या कचेरीत यायचा, नमुन्यांची पेटी घेऊन, घामाने पाठ भिजलेली. दर दोन महिन्यांनी. मी प्रत्येक वेळी चहा पाजायचो आणि सांगायचो, "छान माल आहे. बघतो, कळवतो." सात-आठ वर्षं आला असेल. आमच्या कारखान्याला दोरखंड लागतच नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला वाटायचं मी सभ्यपणाने वागतोय. चहा पाजत होतो ना.

त्याच्या घरी कोणी तक्ता आखून त्यात माझं नाव लिहिलं असेल का? आणि पुढे किती लिहिलं असेल?

रोपवाटिकेच्या बाईंवर इतके दिवस चिडलोय. आज स्वतःवर चिडायचं तर कुठून सुरुवात करावी कळेना. उठून चहा केला.

१२ एप्रिल

ही सहा दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली. "उद्या मी तुमच्याबरोबर येते. चौघांकडे परत जाऊ."

"कशाला? अपमान करून घ्यायला?"

"मोजमाप घ्यायला," म्हणाली.

१३ एप्रिल

रोपवाटिका. आत शिरलो आणि पाहिलं: माझं जानेवारीतलं नमुन्याचं पोतं, तोंडसुद्धा न उघडलेलं, आणि त्याच्यावर दोन कुंड्या! मी बोलायला तोंड उघडलं तर हिने माझा हात दाबला. पाणी मागितलं. मालकीणबाईंशेजारी उकिडवी बसली. विचारलं, "आत्ता काय घालता ह्यात? आणि त्याचा वैताग काय होतो?"

असला प्रश्न! वैताग! उद्योगाच्या पाहणीत! मी लाजेने बाजूला बघत होतो.

पण बाई बोलायला लागल्या. थांबेनातच. परलाइट त्या आधीपासून वापरतात! दुसऱ्या गावाहून येतो. फार बारीक, पोतं उघडलं की धूळ, मातीत कालवणाऱ्या बायका दिवसभर खोकतात. पोतं हलकं, पण कवेत मावत नाही, म्हणून दोघींनी धरावं लागतं. त्यांना हवा मिऱ्याएवढा दाणा, धूळ काढलेला, अर्ध्या आकाराच्या पोत्यात. हिने तिथल्या एका बाईला उभं केलं आणि खिशातली टेप काढून तिची कव मोजली! मोजून लिहून घेतलं.

"किती लागतील?" मी मध्ये पडून विचारलं.

"सध्या अकरा. दर पंधरवड्याला."

मी शंभर धरली होती. मी म्हटलं, "जानेवारीत का नाही सांगितलंत हे?"

बाईंना संकोच वाटला. "तुम्ही इतकं छान समजावत होतात. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

१४ एप्रिल

फाउंड्रीत ही आवाजाच्या पलीकडे, जेवणाच्या सुट्टीत बसून बोलली. कच्चा दगड, महिन्याला पंचवीस गोणी, लहान गोणी, भट्टीजवळच्या माणसाला एका हाताने ओतता येईल अशा. फोरमनने मला विचारलं, "ह्या आधी का नाही आल्या तुमच्याबरोबर?" मी गोण्यांचा आकडा पुन्हा तपासला.

ठेकेदार भेटलाच नाही. त्याचा मुकादम हिला म्हणाला, "ते कोणालाच नाही म्हणत नाहीत हो." त्याच्या नावावर काट मारली. काट मारताना फार बरं वाटलं.

१५ एप्रिल

टाकीवाल्यांकडे इंजिनिअर आज मीटिंगमध्ये नव्हता. अंगणात डोक्याला हात लावून उभा होता. टाकी तयार, दोन्ही भिंती उभ्या, मधली जागा रिकामी. हिने तोच प्रश्न टाकला. तो म्हणाला, "वैताग? तीन आठवडे झाले, भट्टीवाले येतायत म्हणून वाट बघतोय."

"भट्टीवाले इथे येतात?" मी विचारलं.

"मग! फुललेला माल ट्रकने आणायचा म्हणजे हवा वाहून न्यायची. एक ट्रक दगडाचे पंधरा ट्रक होतात. मोठी टाकी असली की भट्टीच टाकीशेजारी उभी करतात. तिथेच फुलवायचा, गरम आणि कोरडा, तसाच वरून भिंतीत सोडायचा. आमच्या नेहमीच्या माणसाची भट्टी मोडलीय. तुमचं ते पत्रक आलं होतं ना, त्यात पोत्यांचं होतं. पोती घेऊन मी काय करू?"

पोत्यांचं होतं, हे खरं आहे. चार रंगांत छापून घेतलं होतं.

ही म्हणाली, "माझा भाऊ येईल इथे भट्टी घेऊन."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. भावाला विचारलं नाही, मला विचारलं नाही. भट्टी जमिनीत रोवलेली. आणि भाऊ कुठाय? माझ्यामुळे घरी बसलाय. बाहेर आल्यावर मी आवाज चढवला, "परस्पर शब्द कसा देतेस?"

ही थांबली. "त्याला आणायचं काम तुमचं आहे. मी शब्द दिलाय तो तुमच्या भरवशावर."

१६ एप्रिल

गेलो. जिने चढताना तीनदा थांबलो. दम लागला होता असं आपलं मी म्हणतो. त्याने दार उघडलं. हातात पाना होता, कोणाचा तरी गिझर दुरुस्त करत होता.

"या भावोजी."

"बसायला आलो नाही. मी तुला दहावी नापास म्हणालो."

"आहेच की मी नापास."

"खरं असलं म्हणून म्हणायचं नसतं!" मी ओरडलोच. "तू तरी ऐकून का घेतलंस? तोंडावर बोलायचं होतंस! चारशे पोत्यांचा आकडा कोणी काढला होता? तू काढलास?"

तो हसायला लागला. "तुम्ही माफी मागताय की भांडताय?"

"दोन्ही."

मग टाकीचं सांगितलं. ऐकता ऐकता त्याने गिझर बाजूला सरकवला आणि पुठ्ठ्यावर रेघा ओढायला लागला. जाळी कुठली, खालचं चाक कुठलं, नळी किती लांब लागेल. मी एक तास बसलो. त्यातलं मला निम्मं कळलं. ते मी त्याला सांगितलं. त्याने परत समजावलं.

२७ एप्रिल

भट्टी उपटली. चार दिवस लागले. एका गाड्यावर चढवली, आडवी, दोरखंडांनी बांधून. शेडच्या मध्ये आता गोल काळा डाग उरलाय. वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो. मी शेडवर 'कारखाना' अशी पाटी लावली होती.

२ मे

टाकीशेजारी भट्टी सुरू. पहिल्या दिवशी तीन वेळा विझली. इंजिनिअरचं तोंड बघवेना. मेहुणा म्हणाला, वारा लागतोय, आणि पत्र्याचा आडोसा करून घेतला. चौथ्यांदा पेटल्यावर कान लावून उभा राहिला. आणि तो इंजिनिअर, एवढा शिकलेला, त्याच्या शेजारी कान लावून उभा! मेहुणा त्याला सांगत होता, "आत्ता भाजतोय. आत्ता फुलला." इंजिनिअर मान डोलावत होता. त्यालाही काही कळत नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो.

९ मे

मी सध्या टेम्पो घेऊन फिरतो. रोपवाटिकेला अकरा पोती, मिऱ्याएवढा दाणा, शेडमधल्या जुन्या मालातून चाळून. चाळायला मी आणि ही. तोंडाला फडकं बांधून. बाईंच्या इथल्या बायकांनी पोती एकेकटीने उचलली. फाउंड्रीला कच्च्या गोण्या. फोरमन मला बघितलं की अजून खांदे झटकून दाखवतो. हरामखोर. पण गोण्या घेतो.

घरात आणि शेडमध्ये मिळून अजून साडेतीनशेच्या वर पोती आहेत. त्यांचं काय होणार मला माहीत नाही. तो फंडाचा पैसा यंदा परत येत नाही, एवढं नक्की. ह्याबद्दल बोललो की ही म्हणते, "खोली थंड राहते."

१६ मे

टाकी आज भरली. दुपारी शेवटचा थर गेला. मेहुण्याने ज्योत बंद केली, मोठा पंखा थांबला आणि सगळं आवार एकदम शांत झालं. तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. डोळे तेवढे दिसत होते.

टाकी बघायला कंपनीचे मोठे साहेब आले होते. बरोबर दोन-तीन अधिकारी, इंजिनिअर, क्रेनवाला, वेल्डर, झाडणाऱ्या दोघी. साहेबांनी टाकीवर टकटक केलं आणि मेहुण्याला विचारलं, पुढच्या दोन टाक्या आहेत, येशील का? मेहुणा म्हणाला येईन. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

मेहुणा म्हणाला, "हे माझे भावोजी. बाजाराची सगळी पाहणी यांची. कोणाला काय लागतं, ते यांनीच शोधून काढलं."

त्याने हे चांगल्या मनाने म्हटलं. माझी इभ्रत राखायला म्हटलं. साहेबांनी हात पुढे केला. आणि माझं डोकंच फिरलं.

"खोटं आहे हे!" मी म्हणालो. पंखा बंद होता, त्यामुळे माझा आवाज पार गेटपर्यंत गेला. "साफ खोटं! मी चार ठिकाणी गेलो आणि चार ठिकाणी भाषण करून, चहा पिऊन आलो. मी कोणालाही एक शब्द विचारला नाही. विचारलं ते माझ्या बायकोने. तुमच्या ह्या टाकीशेजारी ही भट्टी उभी आहे ती तिने विचारलं म्हणून! ती आत्ता घरी बसून गोण्या शिवतेय आणि इथे हात माझा हातात घेताय तुम्ही? काय चाललंय काय?"

झाडणारी एक बाई थांबून बघत होती. साहेबांचा हात तसाच पुढे. मेहुणा आधी घाबरला आणि मग त्या पांढऱ्या चेहऱ्यात त्याचे दात दिसायला लागले. इंजिनिअर हळूच म्हणाला, "बरोबर आहे साहेब. त्या बाईंनीच विचारलं होतं." त्याने कामाच्या अहवालाचा कागद काढला, पेन उघडलं. "नाव काय लिहू त्यांचं?"

मी सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं, आणि त्याने नीट लिहिलं की नाही ते वाकून बघितलं.

संध्याकाळी घरी येऊन हिला सगळं सांगितलं.

"सगळ्यांसमोर ओरडलात?"

"सगळ्यांसमोर."

"तुमचा रक्तदाब वाढतो अशाने. मोठ्या माणसांपुढे असं ओरडतात का?" म्हणाली. दोरा तोडला, सुई कापडात खोचली. थोड्या वेळाने विचारलं, "कोण कोण होतं?"

मी सांगितलं: मोठे साहेब, अधिकारी, इंजिनिअर, क्रेनवाला, वेल्डर, झाडणाऱ्या दोघी.

जेवायला बसलो. तिने मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. पहिला घास हातात तसाच धरून म्हणाली, "परत सांगा. कोण कोण होतं?"